पाण्याचा दोष नव्हता

मोठ्या चाचांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, माझ्या आईला फसवलं. चिरलेलं लोखंड त्यांनी आणलं, आणि कोयते मोडायला लागले तेव्हा दोष तिच्या हातावर ढकलला. घरातल्या सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. मी त्यांना इथं अहोजाहो करते आहे ते लहानपणापासूनच्या वळणामुळे. तेवढ्यावरून त्यांना सवलत दिली असं कोणी समजू नये. लोक मला म्हणतात, शमाबाई, आता एवढ्या वर्षांनी कशाला उकरता. मी भाव करून वर आलेली बाई आहे. समोरचा ‘आता जाऊ द्या’ म्हणायला लागला की त्याच्या पिशवीत अजून काहीतरी दडवलेलं आहे, हे मला लगेच कळतं.

इंदापूरच्या कडेला, सोलापूरकडं जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं घर होतं. पुढं भट्टी, मागं चूल आणि मधे पत्र्याची पडवी, म्हणजे घरात शिरणारा प्रत्येक माणूस आधी धुरातून यायचा आणि मग फोडणीच्या वासात. आम्ही शिकलगार. आजोबा दारोदार हिंडून सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. अब्बांनी भट्टी घातली आणि ऊसतोडीचे कोयते करायला घेतले. सकाळी जाग यायची ती भात्याच्या सुस्काऱ्यानं. मग घण सुरू व्हायचा, त्याच्यामागून अब्बांची छोटी हातोडी ऐरणीवर टणटणायची, आणि मधेच लाल पातं पिंपातल्या पाण्यात शिरताना चर्रर्र असा आवाज यायचा. तो आवाज अम्मीचा. आम्ही घरात दखनी आणि मराठी एकमेकांत कालवून बोलायचो. इथं मी सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण आमची भांडणं बहुतेक मराठीतच व्हायची.

कोयत्याचं लोखंड कुठून येतं हे ऊस खाणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून सांगते. ट्रकच्या चाकावर कमानीच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. गाडी भंगारात निघाली की त्या पट्ट्या भंगारवाल्याकडं येतात. ते पोलाद चांगलं, पाणी पिणारं. मोठे चाचा हमरस्त्यावरच्या भंगारातून पट्ट्या निवडून आणायचे. अब्बा त्या तोडून, तापवून, ठोकून पातं घडवायचे. अम्मी पातं पुन्हा तापवून पाण्यात घालायची, त्याला पाणी पाजणं म्हणतात. पाणी बरोबर बसलं तर धार टिकते, चुकलं तर पातं एकतर मेणासारखं वळतं नाहीतर काचेसारखं फुटतं. मग मी चाकावर धार लावायची आणि मोठ्या चाचांचा युनूस बाभळीची मूठ बसवायचा. मी तेव्हा शाळा सुटलेली, लग्न न ठरलेली पोरगी होते आणि धार लावण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

आमच्या भट्टीचा एक कायदा होता. मागच्या हातानं दिलेलं तपासल्याशिवाय पुढच्या हातानं घ्यायचं नाही. अम्मी अब्बांकडून आलेलं पातं सुतळीला टांगून चिमट्यानं वाजवायची आणि मान तिरकी करून नाद ऐकायची. मी अम्मीकडून आलेल्या पात्यावर कानस ओढून बघायची. कानस घसरली तर पातं कडक, रुतली तर मऊ. युनूस माझी धार अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचा. न पटलेलं पातं भट्टीशेजारच्या एका चपट्या दगडावर ठेवायचं. तो माघारीचा दगड. त्यावर पातं ठेवणाऱ्यानं बोलायचं नाही, आणि ज्याचं माघारी आलं त्यानं विचारायचं नाही. गुपचूप उचलून दुरुस्त करायचं. सगळे कोयते झाल्यावर एकदाच तपासावेत, वेळ वाचेल, असं युनूस एकदा म्हणाला, तेव्हा अब्बा हसले. “गहू निवडतोय व्हय आपण? बिघडल्यावर निवडून काय करायचं? बिघडायच्या आदीच धरायचं.”

आज लोणी देवकरला माझी स्वतःची शेड आहे. ऊस तोडणाऱ्या मशिनची पाती आम्ही करतो. तपासणीला येणारी इंजिनियर मुलं-मुली गुणवत्ता प्रक्रियेतच कशी गुंफायची हे मला भिंतीवर चित्रं दाखवून समजावतात. मला ते ऐकायला मनापासून आवडतं. त्यांची चित्रं माझ्या माघारीच्या दगडाहून नीटनेटकी असतात, आणि त्यांच्याशी दरावरून भांडायलाही मजा येते. फक्त दरवेळी मी त्यांना एक प्रश्न विचारते. तो प्रश्न मला कुठं सापडला ते पुढं येईल.

तोच कायदा चुलीवरही होता. ज्वारीचं पीठ मी मळायची. अम्मी गोळा हातात घेऊन दाबून बघायची आणि कडेला भेगा पडल्या तर काही न बोलता परातीत परत टाकायची. थापलेली भाकरी तव्यावर फुगली नाही तर तो दोष तव्याचा नसतो, मळणाऱ्याचा असतो, हे मला शब्दांनी कुणी शिकवलं नाही. पण चुलीवर एक गोष्ट या कायद्याच्या बाहेर होती. मोठे चाचा बाजारातून जे आणतील ते कुणी उलटंपालटं करून बघायचं नाही. थोरल्यानं आणलेली वस्तू त्याच्यासमोर तपासली तर त्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हटल्यासारखं होतं, असं आमच्याकडं मानायचे. वांग्यात किडे निघाले तर अम्मी त्यांची पाठ वळल्यावर किडकं तेवढं कापून काढायची. मटणात निम्मी हाडं आली तर रस्सा वाढवायची आणि वर, “चाचांनी आज नळीची हाडं आणली, चव आली,” असं म्हणायची. मला राग यायचा. मी एकदा वांगं मोडून त्यांच्यासमोर धरलं तर अब्बांनी मला भट्टीवर बोलावलं आणि दिवसभर भाता ओढायला लावला.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागायच्या. बीडकडचे ज्ञानोबा मुकादम आमचं जुनं गिऱ्हाईक. काटेवाडीच्या बाजूला त्यांची टोळी उतरायची आणि सगळ्या टोळीचे कोयते आमच्या भट्टीतून जायचे. आमच्या घराचं वर्ष त्यांच्यावर उभं होतं. त्यांनी हात काढला असता तर भट्टी विझली असती, हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. त्या हंगामात तोड सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. ज्ञानोबा मुकादम सायकलवरून आले, मागं पोतं बांधलेलं. पोतं ऐरणीपुढं उपडं केलं. मोडलेले कोयते होते, सगळे आमचे, प्रत्येकावर अब्बांचा तीन ठिपक्यांचा ठसा. मग ते म्हणाले की कोयता मोडला की नवराबायकोची जोडी दिवसभर बांधावर बसून राहते, आणि एका बाईच्या नडगीत उडालेला तुकडा घुसलाय. अम्मीनं पिंपाजवळूनच विचारलं, पाय कसा आहे. ते म्हणाले, चालतीया लंगडत.

अब्बांनी आमच्या रीतीप्रमाणं शेवटच्या हातापासून विचारत मागं यायला सुरुवात केली. युनूस म्हणाला, धार चांगली आली होती. मी म्हणाले, कानस घसरत होती. अम्मी म्हणाली, नाद स्वच्छ होता, नाहीतर मी पाण्यात घातलंच नसतं. अब्बा स्वतःशी म्हणाले, मी रोजच्यासारखंच ठोकलंय. आता पुढचा प्रश्न मोठ्या चाचांना जायला हवा होता. तो गेला नाही. चाचा पडवीत खाटेवर बसून चहा पीत होते. तिथूनच त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “पाणी बिघडलंय. बाईमाणसाचं ध्यान अर्धं चुलीकडं. किती तापलं, कधी घातलं, काय सांगावं.”

मुकादमांनी मान डोलवली. गावातल्या कुणीही डोलवली असती. अब्बांनी ऐरणीकडं बघितलं. अम्मी पिंपाजवळून उठली, चिमटा जिथं असतो तिथं ठेवला, पदराला हात पुसले आणि मागं चुलीकडं गेली. तिला जा असं कुणी म्हटलं नाही, थांब असंही नाही. दुसऱ्या दिवसापासून पिंपाशी युनूस बसायला लागला.

मला रडू आलं नाही. मला प्रश्न पडला. मोडके कोयते कोपऱ्यात पडले होते, त्यातले मी एकेक उचलून उन्हात धरायला लागले. जिथं तुटलं होतं तिथलं तोंड बघितलं. अर्धं पांढरं, साखरेच्या दाण्यासारखं चमकणारं. आणि अर्धं काळं, आतून धूर बसल्यासारखं. कालपरवा तुटलेलं लोखंड आतून काळं कसं असेल? मी एक चांगला कोयता ऐरणीच्या कडेवर मुद्दाम मोडला, अब्बांच्या शिव्या खाल्ल्या. त्याचं तोंड सगळं पांढरं निघालं. म्हणजे तो काळा भाग आधीच उघडा होता. लोखंड भट्टीत जाण्याआधी उघडा होता, म्हणून भट्टीची काजळी आत बसली. पण केसाएवढी चीर नादात कळत नाही, ठोकताना दिसत नाही, कानशीला लागत नाही. मग ती बघायची कशी? हा प्रश्न मी भाकरी मळताना मळायची आणि धार लावताना घासायची. युनूस म्हणायचा, शमाला वेड लागलंय, लोखंडाच्या तोंडात बघत बसती. दरम्यान युनूसनं पाणी पाजलेले कोयतेही मोडून आले. चाचा म्हणाले, नवा हात आहे, बसेल हळूहळू. नव्या हाताला वेळ मिळाला. जुन्या हाताला मिळाला नव्हता.

ईद जवळ आली तसं अम्मीनं आणि मी घराला चुना द्यायला काढला. नीळ घातलेला चुना, कुंचा दोरीनं बांधलेला. भट्टीकडची भिंत देताना खाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या कमानपट्ट्यांवर शिंतोडे उडाले, एका पट्टीवर तर निम्मा डबा सांडला. मला त्या दिवशी रोजा नव्हता, म्हणून दुपारी मी तिथंच बसून भाकरी आणि खर्डा खात होते. चुना वाळून पट्टी बगळ्यासारखी पांढरी झाली होती. आणि त्या पांढऱ्यावर, बोल्ट बसायच्या भोकापासून कडेपर्यंत, एक काळी ओली रेघ उमटली होती. मी बोटानं पुसली, वर पुन्हा चुना लावला. भाकरी संपेपर्यंत रेघ परत आली. बोट नाकाशी नेलं तर ग्रीसचा वास. ट्रकखाली असताना वर्षानुवर्षं तेल त्या चिरेत मुरलेलं होतं आणि आता कोरडा चुना ते वर ओढत होता.

हात न धुताच मी उठले. कंदिलातलं रॉकेल काढलं. एकेका पट्टीला रॉकेल चोळलं, कोरड्या फडक्यानं लख्ख पुसलं, वरून चुन्याचा पातळ हात दिला आणि वाट बघत बसले. काही पट्ट्या पांढऱ्याच राहिल्या. बाकीच्यांवर रेघा यायला लागल्या. कुठं एक, कुठं फांदीसारख्या फुटलेल्या. इतकं सुंदर काही मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं, हे आज लिहितानाही खरं वाटतं. लोखंड आपण होऊन सांगत होतं. मी अम्मीला हाक मारली. ती शिरखुर्म्याच्या शेवया भाजत होती, ती आली. एका रेघेवर तिनं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

“हे पाण्याच्या आदीचं हाय नव्हं?”

“व्हय अम्मी. भट्टीच्या बी आदीचं.”

“चाचांपुढं काढू नको,” ती म्हणाली आणि आत गेली. शेवया करपल्या होत्या. अम्मीच्या हातून शेवया करपलेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या.

मी काढलं. माझा स्वभावच तसा, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी ज्ञानोबा मुकादम शेवटचं सांगायला येणार होते की यापुढं कोयते बारामतीहून घेणार. त्या दिवशी मी सगळ्या चुना दिलेल्या पट्ट्या अंगणात ओळीनं मांडल्या. चाचा आले, बघून म्हणाले, “काय गं, ईदची रांगोळी घातलीस व्हय?” मी म्हणाले, व्हय, तुमच्यासाठीच. मुकादम बसल्यावर मी त्यांना म्हणाले की हात काढायचा तर काढा, पण आधी ह्यातली रेघवाली एक आणि बिनरेघेची एक, अशा दोन पट्ट्या तुमच्या हातानं निवडा. त्यांना गंमत वाटली. त्यांनी निवडल्या. मी त्या अब्बांपुढं ठेवल्या. अब्बांनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. मी घण उचलून त्यांच्या हातात दिला.

रेघेची पट्टी ऐरणीच्या कडेवर एका घावात रेघेवरच तुटली. तोंड अर्धं पांढरं, अर्धं काळं. बिनरेघेच्या पट्टीवर अब्बांनी घाव घातले, ती नुसती खणखणत राहिली आणि घण उलटून आला. ज्ञानोबा मुकादमांनी तुटलेला तुकडा उचलला, उन्हात फिरवून बघितला, पोत्यातून आणलेल्या कोयत्याच्या तोंडाशी लावून बघितला. मग ते सावकाश म्हणाले, “ह्याला तर अजून पानी दिल्यालंच न्हाय.”

मोठे चाचा म्हणाले, “जुनं लोखंड हाय. जुन्यात चीर असायचीच. माझ्या डोळ्यात भिंग बसवलंय व्हय?” त्यांचा आवाज चढला नव्हता. मी वाट बघत होते की अब्बा आता विचारतील. माघारीचा दगड समोर होता, पट्टी उचलून त्यावर ठेवायची आणि झालं. अब्बांनी घण खाली ठेवला. “आजपासनं पट्टी आली की आदी शमा चुना लावंल,” ते म्हणाले. “शमानं व्हय म्हटल्याबिगर भट्टीत जायाची न्हाय.” मुकादम म्हणाले, मग आमी हितंच घेतो. अम्मीनं चहा आणला. सगळ्यांनी घेतला, चाचांनी दोनदा घेतला. चुलीकडं मान वळवून एक वाक्य बोलायला कुणालाच सुचलं नाही.

कोयते सुधारले. पिंपाशी युनूस बसलेला होता, म्हणून बाजारात असं झालं की शिकलगारणीनं पाणी बिघडवलं होतं, पोरगा बसवला तेव्हा माल चांगला यायला लागला. मी हे लोकांच्या तोंडून ऐकलं आणि त्यांच्याशी भांडले. एका वाण्याच्या दुकानातून मला हाताला धरून बाहेर काढलं होतं. अब्बांना मी विचारलं की अम्मीला परत पिंपाशी का बसवत नाही. ते म्हणाले, कोयते मोडायचे थांबले ना, आता आणखी काय पाहिजे. अब्बा वाईट माणूस नव्हते. त्यांनी काम दुरुस्त केलं आणि माणूस तसाच ठेवला. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली आणि हा हिशेब त्यांच्याकडून घ्यायचा राहिला.

मला मात्र एक गोष्ट कळून घ्यायचीच होती. चाचांना चीर दिसली नव्हती, की दिसली होती? त्यानंतर मी हमरस्त्यावरच्या त्या भंगारवाल्याकडं गेले. त्याच्याकडं पट्ट्यांचे दोन ढीग होते, एक अखंड, एक तुटक्या-चिरलेल्यांचा, आणि दुसरा अर्थातच स्वस्त. मी भाव करायचं नाटक केलं, तो खुलला. म्हणाला, “तुमचे चाचा ह्यातलंच नेत्यात की. म्या म्हटलं, चिरल्याली हायत. तर म्हणले, भट्टीत गेल्यावर समदं एक व्हतंय.” मी दोन्ही ढिगांकडं बघत उभी राहिले. स्वस्तातला माल आणून ते घरात अखंड पट्टीचा भाव सांगत होते, हेही तेव्हाच उमगलं, पण त्याचं मला तेवढं लागलं नाही. चाचाही शिकलगाराचंच पोर. भट्टीत सगळं एक होत नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. आणि तरी ते खाटेवरून म्हणाले होते, पाणी बिघडलंय.

इंजिनियर मुलांना मी जो प्रश्न विचारते तो हा: तुमच्या साखळीत प्रत्येक हात मागच्या हाताला तपासतो, मग पहिल्या हाताला कोण तपासतं? माझ्या शेडमध्ये पोलाद आणणारा माझा सख्खा भाचा आहे. त्याची गाडी दारात थांबते, माल त्याच्या डोळ्यांदेखत तपासला जातो आणि पटला नाही तर त्याच गाडीतून परत जातो. पहिल्यांदा परत गेला तेव्हा त्यानं ईदला माझ्याकडं जेवण घेतलं नाही. दुसऱ्या ईदला जेवला.

अम्मी माझ्याजवळ राहते. दुपारी शेडमध्ये खुर्ची टाकून बसते. आता पाती पाण्यात नाही, तेलात जातात, आवाज वेगळा येतो. तरी प्रत्येक पातं आत गेलं की तिची मान तशीच तिरकी होते. मागच्या महिन्यात एका पात्यावर ती म्हणाली, “हे घाईनं केलं,” आणि कानस रुतली. मी चिमटा तिच्यापुढं धरला. म्हटलं, अम्मी, एक घाल ना, तुझ्या हातानं. तिनं हात पदराखाली घेतले. म्हणाली, “नको गं. माझं पाणी चांगलं न्हाय.”

एवढ्या वर्षांत तिनं ते खरं धरून ठेवलं होतं. चुन्यावरच्या रेघेवर स्वतःचं बोट ठेवूनसुद्धा.

मोठे चाचा, तुम्ही इंदापुरात आहात, तब्येत बरी आहे, ईदला मी सलाम करायला येते तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवता. हे प्रकरण तुम्हाला युनूस वाचून दाखवेल, मी त्याला तसं सांगितलं आहे. तुमच्या पायांना त्रास होतो, तर मी गाडी पाठवते. लोणी देवकरला या. अम्मीच्या खुर्चीसमोर उभे राहा आणि माझ्या कामगारांच्या देखत तिला सांगा की ढीग कुठला होता, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं, आणि पाण्याचा दोष नव्हता. अब्बांनी जो प्रश्न तुमच्यापर्यंत येऊ दिला नाही तो मी विचारते आहे. उत्तर मला नको, तिला द्या, ती ऐकू शकते आहे तोवर.